गैरहजर, दंड नाही

बचत गटाचं दप्तर उघडलं की मी आधी पैसे बघत नाही, दंड बघते. बचत, कर्ज, व्याज हे रकाने कुठलीही हुशार सचिव रात्री कंदिलाशी बसून जुळवून ठेवू शकते. दंडाचं तसं नाही. उशिरा आली, पाच रुपये. न सांगता आली नाही, दहा रुपये. पासबुक विसरली, दोन रुपये. रक्कम एवढी किरकोळ की ती खोटी लिहावी असं कुणाच्या मनातही येत नाही. त्यामुळे गटात खरं काय चाललंय ते तिथं सापडतं.

मी ‘उमेद’मध्ये, म्हणजे महाराष्ट्र राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानात, प्रभाग समन्वयक आहे. मूळची परभणीकडची. रायगडच्या दक्षिण टोकाला नोकरीमुळे आले आणि इथलीच झाले, असं मी म्हणते. इथले लोक तसं म्हणत नाहीत, तो भाग वेगळा. ऑगस्ट 2022 मध्ये बँकेतून फोन आला की अमुक वाडीच्या गटाचे दोन हप्ते अर्धवट गेलेत. मला पटेना. प्रभागातला तो चांगल्यातला गट. बारा बायका, बँकेचं तिसरं कर्ज, तीन लाखांचं, आणि आधीची दोन्ही वेळेत फेडलेली. वेळेत हप्ता गेला तरच व्याजात सवलत मिळते, हे त्या बायका मला शिकवायच्या. गणपतीला आठवडा राहिला होता. म्हटलं, बैठकीच्या दिवशीच जाऊ.

अध्यक्षांच्या पडवीत चटई टाकलेली. पाऊस असा की वहीची पानं बोटाला चिकटत होती. अकरा बायका गोल बसलेल्या. इतिवृत्त चाळायला घेतलं तर सातव्या क्रमांकाच्या सभासदापुढं ‘गैरहजर’. मागचं पान, गैरहजर. त्याच्या मागचं, गैरहजर. भातलावणीचे आठवडे सोडले तर शिमग्यानंतरच्या सतरा बैठका ही बाई आलेली नाही. आणि दंडाचा रकाना कोरा.

या गटात स्वतःच्या सुनेला उशिरा आल्याबद्दल दंड करणारी सासू होती. बाळंतीण बाईनं निरोप पाठवला नाही म्हणून तिच्याकडून दहा रुपये घेतले होते, आणि त्याच बैठकीत तिच्यासाठी मेथीच्या लाडवांचे पैसे काढले होते. असल्या बायका सतरा वेळा कुणाला सोडून देतात?

“दंड का नाही लावला?” मी विचारलं.

“लावू की मॅडम, पुढच्या टायमाला,” सचिव म्हणाली आणि पेनाचं टोपण काढून परत लावलं.

मग बँकेचं पासबुक घेतलं. मार्च, एप्रिल, मे, जून: दर महिन्याला सतराशे रुपये रोख जमा. गटाच्या रोखवहीत या चार नोंदींचा पत्ता नाही. माझ्या कामात हिशोब चुकतो तो नेहमी पैसे कमी पडण्याचा. वहीत आहेत आणि बँकेत नाहीत, हे मी दर महिन्याला बघते. बँकेत आहेत आणि वहीत नाहीत, हे पहिल्यांदाच बघत होते.

सतराशे हा सातव्या क्रमांकाच्या बाईचा हप्ता. तिनं गटाच्या कर्जातले पन्नास हजार घेऊन, वर घरचे घालून पिठाची गिरण टाकली होती. वाडीतली एकुलती एक. दिवाळीला तिच्या गिरणीची पूजा झाली तेव्हा मीही गेले होते, फोटो काढून अहवालात लावला होता.

“हे पैसे तिनं स्वतः भरले? तुमच्या हातात का नाही दिले?”

कुणी बोलेना. पागोळ्यांचा आवाज तेवढा. शेवटी थोरली काकी बोलली. साठी उलटलेली, अंगठ्यावरून सहीवर आलेली, आणि गटात सगळ्यांत जास्त वेळा कर्ज घेऊन सगळ्यांत आधी फेडणारी. “मॅडम, ते गावकीचं हाय. तुमी त्यात नका पडू.”

गावकी म्हणजे काय हे मला कोकणात आल्यावर कळलं. आमच्याकडे भावकी असते, पंच असतात, पण हे एवढं घट्ट नसतं. इथं ग्रामपंचायत वेगळी आणि गावकी वेगळी. गावकीची भांडी, गावकीचा मंडप, गावकीची वर्गणी. लग्नाचा मुहूर्त गावकीला विचारून, मयताचं सरण गावकी रचणार, शिमग्याला पालखी कुठल्या घरापासून निघणार ते गावकी ठरवणार. आणि या गावकीचं अर्धं अंग मुंबईत. वाडीत सत्तरेक घरं, त्यातल्या निम्म्यांना कुलूप. माणसं दिवा, नालासोपारा, विरारला. एके काळी हेच लोक लालबाग-परळला होते. गावाची एक खोली असायची, कापड गिरणीतल्या पाळ्यांप्रमाणे पंधरा-वीस माणसं तिथं आळीपाळीनं झोपायची. नवा पोरगा गावाहून आला की खोलीत पथारी, खानावळीत ताट आणि जॉबरकडे, म्हणजे गिरणीत माणसं भरणाऱ्या मुकादमाकडे, शब्द, हे तिन्ही गावकीमुळे मिळायचं. गावकीबाहेर पडणं म्हणजे मुंबईच्या फुटपाथवर येणं. तेव्हाच्या एकजुटीला पोटाचं कारण होतं. 1982 चा संप झाला, गिरण्या गेल्या, पाळ्या गेल्या, खोलीची गरज संपली. मंडळ मात्र राहिलं, वर्गणी राहिली, मान राहिला आणि दंड करायची सवय राहिली. मला कधी कधी वाटतं, देण्यासारखं जेवढं कमी उरतं तेवढं काढून घेण्याची ताकद दाखवावी लागते. पण हे परभणीच्या बाईचं मत आहे, इथं कुणाला पटेल असं नाही.

गावकीला नुसती नावं ठेवणं मला जमणार नाही, तेही सांगते. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ इथंच किनाऱ्याला लागलं. श्रीवर्धन-मुरूडच्या पट्ट्यात सुपारीच्या, नारळाच्या बागा आडव्या झाल्या, घरांवरचे पत्रे शेतात सापडत होते. टाळेबंदी चालू, रस्ते बंद, वीज नाही. तेव्हा या वाडीत पहिली मदत पोहोचली ती मुंबईच्या मंडळाची. टेम्पोभर ताडपत्री आणि मेणबत्त्या. रस्त्यावरची झाडं गावकीच्या पोरांनी कोयत्या-करवतींनी तोडली. विधवा बाईच्या घरावर पत्रे चढवले ते स्वतःच्या घराआधी. हीच माणसं. दीड-पावणेदोन वर्षांनी याच माणसांनी शिमग्याच्या बैठकीत एक घर वाळीत टाकलं.

कारण? सातव्या क्रमांकाच्या बाईच्या नवऱ्यानं देवळाच्या जीर्णोद्धाराचा हिशोब मागितला. किती वर्गणी जमली, मुंबईहून किती आली, फरशीला किती गेले. त्यात कुणी पैसे खाल्ले असा आरोपही त्यानं केला नव्हता, असं काकीच म्हणाली. नुसता कागद मागितला. ‘देवाच्या पैशाचा हिशोब मागतोस?’ इथून सुरू झालं ते ‘माफी माग आणि दंड भर’ इथवर गेलं. तो अडून बसला. मग ठराव: त्या घराशी बोलणं बंद, देणंघेणं बंद, जो मोडेल त्याला पाच हजार दंड. त्या शिमग्याला पालखी त्यांच्या अंगणावरून सरळ पुढं गेली.

हे सगळं मला सांगत होती ती तिची सख्खी जाऊ. तीही गटात. दोघींच्या घरांची मधली भिंत एकच. “तिचं बारकं पोर खोकतं ते मला रातच्याला ऐकू येतं मॅडम. मी इचारत नाय.” एवढं बोलून तिनं पदर तोंडाला लावला. बाकीच्या खाली बघत होत्या. त्यात एक कोषाध्यक्ष, तिचा नवरा पंचांमधला.

शिमग्यानंतरच्या पहिल्या बैठकीला ती आली होती म्हणे. नेहमीसारखी बसली, पदराची गाठ सोडून हप्त्याचे सतराशे आणि बचतीचे वीस चटईवर ठेवले. कुणी उचलले नाहीत. एकीनंही हात पुढं केला नाही. प्रार्थना झाली, बाकीच्यांचे पैसे मोजून झाले, आणि नोटा तशाच. वाऱ्यानं एक नोट सरकली तेव्हा तिनंच ती धरली, सगळे गोळा केले आणि गेली. दुसऱ्या दिवशी तालुक्याला जाऊन गटाच्या खात्यात भरून आली. तेव्हा एसटीचा संप चालू होता. मिनीडोअरला जाऊन-येऊन पैसे मोजायचे आणि अर्धा दिवस घालवायचा. चार महिने तिनं ते केलं. मग तेही संपलं, कारण गिरणीवर कुणी दळायलाच येत नव्हतं. देणंघेणं बंद म्हणजे दळणही बंद.

इथं माझ्या डोक्यात कुठं काय अडलंय ते लख्ख झालं. बँकेचं कर्ज गटाच्या नावावर. हप्ता साडेनऊ हजारांच्या आसपास. गिरण बंद म्हणून सातवीचे सतराशे येणार नाहीत, मग ते उरलेल्या अकराजणींनी भरायचे. भरले नाहीत तर सवलत गेली, पुढचं कर्ज गेलं. म्हणजे गावकीनं टाकला एका घराला दंड आणि तो भरतायत बारा घरं.

मी एवढंच वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवलं. हप्ता, त्यातला तिचा भाग, उरलेल्यांच्या वाट्याला दरमहा येणारे दीडशेच्या वर. शिवाय दळणासाठी खाडीकडच्या गावाला पायी जाणं. तिथल्या गिरणीवाल्याचा दर इथल्याहून जास्त आणि वीज गेली की डबा ठेवून घरी यायचं. पावसात डोक्यावर तांदळाचा डबा, वर प्लास्टिक. ते त्या पाच महिने करत होत्या. इथं भाकरी बहुतेक तांदळाच्याच पिठाची, आणि आता तर गणपती. मुंबईकर चार दिवसांत उतरणार, घराघरात वीस-पंचवीस माणसं, मोदकाची पिठी लागणार.

भाषण मी केलं नाही. एकीचं बळ, संघटन वगैरे आमच्या प्रशिक्षणात भरपूर असतं. त्या दिवशी ते काढलं असतं तर मला तिथं कुणी चहाही विचारला नसता, कारण एकीचं बळ काय असतं ते गावकीनं त्यांना माझ्यापेक्षा चांगलं दाखवलं होतं.

मग सुरू झाला कल्ला. पाच महिने तुंबलेलं सगळं बाहेर आलं. एक म्हणाली, तिच्या नवऱ्यानं माफी मागितली असती तर मिटलं नसतं का? दुसरी म्हणाली, हिशोब तर माझ्या नवऱ्यालाही मागायचा होता, पण त्याला भीतीनं बोलताच आलं नाही. जाऊबाई म्हणाल्या, दंड पाच हजार, तो आणायचा कुठून? कोषाध्यक्ष एकदम गप्प. सचिवबाई तर रडायलाच लागल्या, की दर आठवड्याला ‘गैरहजर’ लिहिताना माझा हात चालत नव्हता, आणि दंड लावला तर तो वसूल करायला तिच्या दारात कोण जाणार होतं?

तेवढ्यात थोरली काकी म्हणाली, “गिरण तिची कुठाय?”

सगळ्या थांबल्या.

“पैशे कुनाचे? गटाचे. फिटलेत? नाय. मग कर्ज फिटंस्तोवर गिरण गटाची. गावकीनं त्या घराशी देनंघेनं बंद केलंय. गटाच्या गिरणीवर दळू नका असं कुठं म्हटलंय? आमी आमच्या गिरणीवर दळतो.”

हे नियमात बसत होतं का? नाही. कर्ज गटाचं, पण त्यातून सभासदानं घेतलेली वस्तू सभासदाची, हे मीच त्यांना शिकवलं होतं. गिरणीची पावती तिच्या नावावर. काकीलाही ते पक्कं माहीत होतं, कारण तिच्या दोन म्हशी याच वाटेनं आल्या होत्या आणि त्यांना गटाच्या म्हशी म्हणायची कुणाची छाती नव्हती. तिनं माझ्याकडं बघितलं. मी पासबुक चाळत राहिले.

“मग तसा ठराव लिवा,” अध्यक्ष म्हणाल्या.

लिहायला घेतला. कर्ज फिटेपर्यंत गिरण गटाच्या ताब्यात समजावी. दोघी-दोघींनी पाळीपाळीनं गिरणीवर बसावं. दळणाचे पैसे गटात जमा व्हावेत, त्यातून हप्ता वळता व्हावा. सूचक कोण? काकी. अनुमोदक? जाऊनं हात वर केला, आणि पाच महिन्यांत तिनं जावेसाठी केलेली ती पहिली गोष्ट असावी. सह्या सुरू झाल्या. वही कोषाध्यक्षांसमोर आली. त्यांनी पूर्ण ठराव दोनदा वाचला. “सही करते,” त्या म्हणाल्या. “पन सूचक-अनुमोदकात माझं नाव कुठं यायला नको.” केली सही. आडनाव पूर्ण लिहिलं.

आता बारावी सही हवी होती. मी, काकी आणि आमची सीआरपी ताई, म्हणजे अभियानाची गावपातळीवरची कार्यकर्ती, वही प्लास्टिकात गुंडाळून निघालो. सातवीच्या दारात काकी जरा थबकली, इकडंतिकडं बघितलं, मग सरळ पायरी चढली. मी सरकारी माणूस, माझ्याबरोबर आली म्हणून कुणी तिला बोललं नसतं. हेही तिनं आधीच हिशोबात धरलं असणार.

मला वाटलं होतं, सातवी रडेल, नाहीतर हात जोडेल. तिनं वही घेतली, उजेडाकडं धरून वाचली आणि म्हणाली, “माझी गिरण गटाची कशी काय झाली?”

काकीनं समजावलं. कर्ज फिटंस्तोवर, नावापुरतं, गावकीच्या तोंडावर मारायला.

“ते कळलं. पन पाळीपाळीनं बायका बसनार म्हंजे? पट्टा सरकला तर कुनाचं बोट जाईल. जातं कधी टाकवायचं ते कुनाला कळतं? गिरणीवर मीच बसनार.” थोडं थांबून म्हणाली, “आनि गिरणीचं लिवलंय. माझं काय लिवलंय? मी बैठकीला येऊ का नको? ते कुठाय ह्यात?”

ठराव मी तिथंच पुन्हा वाचला. खरंच नव्हतं. अकरा बायकांनी, मी धरून बाराजणींनी, तासभर डोकं लावून यंत्राला वाट काढली होती आणि ज्या बाईचं यंत्र, तिचं नाव फक्त कर्जदार म्हणून आलं होतं.

“सही बैठकीत करनार,” ती म्हणाली. छत्री घेतली आणि आमच्या पुढं चालायला लागली. वाटेत दोन घरांच्या ओटीवर माणसं होती. माणसं बघत राहिली.

पडवीत आल्यावर ती कुणाशी बोलली नाही. आपल्या जागेवर, सहावी आणि आठवीच्या मधे, जाऊन बसली. त्यांना सरकावं लागलं. पदराची गाठ सोडली आणि शंभराची एक, पन्नासाची एक आणि दहाच्या दोन नोटा चटईवर ठेवल्या.

“सतरा बैठका. एकशेसत्तर. गैरहजेरीचा दंड लावा.”

सचिव म्हणाली, “अगं, तुझी काय चूक? आमीच...”

“मी सभासद हाय का नाय? असंल तर दंड लावा. नसंल तर तसं लिवा आनि माझी बचत परत द्या.”

मी गेल्या काही वर्षांत पुष्कळ बैठका बघितल्या. दंड माफ करा म्हणून भांडणाऱ्या बायका बघितल्या, दंड भरायला लागू नये म्हणून आजारी पडणाऱ्याही बघितल्या. दंड लावून घ्यायला भांडणारी ही एकच. तिच्या नवऱ्याला गावकीनं केलेला दंड तो भरत नव्हता, आणि इथं ही न केलेला दंड भरायला बसली होती. दोन दंडांमधला फरक तिला माझ्याहून स्वच्छ दिसत होता. माझ्या शेजारी बसलेल्या सीआरपी ताईनं डायरी बंद करून टाकली.

या वेळी पैसे कोषाध्यक्षांनी उचलले. तेच त्यांचं काम, पण मघापासून त्यांचे हात मांडीखाली होते. त्यांनी नोटा मोजल्या, मोठ्यानं “एकशेसत्तर” म्हणाल्या आणि डब्यात टाकल्या. सचिवनं दंडाच्या रकान्यात सतरा ठिकाणी दहा-दहा लिहिलं. मग मार्च ते जूनचे चार हप्ते रोखवहीत चढवले. ठराव बदलला: गिरण गटाची, चालवणार तीच, दळणाच्या पैशातून आधी विजेचं बिल, मग हप्ता, उरेल ते तिचं. आणि खाली एक ओळ, जी तिनं सचिवला अक्षर अक्षर सांगितली, की सातव्या क्रमांकाची सभासद दर बैठकीला हजर राहील व न आल्यास नियमाप्रमाणे दंड होईल. मग सही केली.

बचतीचं पुढच्या बैठकीला बघू असं ठरलं. चहा आला. तिलाही कप मिळाला. तिनं घेतला, पण अर्धाच प्यायली, आणि ते कुणाला कळू नये अशी तिची इच्छा नव्हती.

संध्याकाळी तिच्या नवऱ्याशी बोलले. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रात कायदा आहे. 2016 चा, 2017 च्या जुलैपासून लागू. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याआधी मुंबई राज्यात 1949 मध्ये जमातीबाहेर काढण्याविरुद्ध एक कायदा झाला होता, तो 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. मधली पन्नासेक वर्षं असल्या घरांनी दाद कुठं मागायची हा प्रश्नच होता. आणि हा जिल्हा तर महाडच्या चवदार तळ्याचा. बहिष्काराचं हत्यार इथं आधी कुणावर चाललं ते वेगळं सांगायला नको. या पाच महिन्यांत त्यांच्या घरात मीठ-साखर येत होती ती बौद्धवाडीतल्या टपरीवरून. टपरीवाल्यानं उधारी विचारली नाही, कारणही विचारलं नाही.

नवऱ्याला कायदा माहीत होता. पेपरातलं कात्रण त्यानं जपून ठेवलं होतं. “केस टाकली तर पंच आत जातील, नाय असं नाय,” तो म्हणाला. “पन उद्या माझा बाप गेला तर खांद्याला पोलीस येनार काय मॅडम?” म्हातारा आतल्या खोलीत होता, त्याला ऐकू जात असेल म्हणून मी आवाज कमी केला. नवरा म्हणाला, “हिशोब मात्र मी मागनार. मरंस्तोवर मागनार.” तक्रार त्यानं तेव्हा केली नाही, नंतरही नाही. मी पोलीस ठाण्याचा नंबर आणि अर्ज कसा करायचा ते लिहून दिलं. ते त्या कात्रणाशेजारी गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरण सुरू झाली. पाच महिने बंद, जात्यात जुनं पीठ कुबट झालेलं, पट्ट्यावर कोळ्याची जाळी. तिनं सगळं खोलून पुसलं, आधी किलोभर कणी दळून ती कोंबड्यांना टाकली, मग परत थोडी कणी दळली, पीठ तळहातावर घेऊन वास घेतला, आणि तेव्हाच मोदकाचा पहिला डबा घेतला. तो डबा काकीचा होता. दुसरा जावेचा. दुपारपर्यंत गटाबाहेरच्या बायकाही आल्या. ‘गटाची गिरण’ हा शब्द तोवर वाडीभर झाला होता. कोषाध्यक्षांचा डबा त्यांची मुलगी घेऊन आली.

गणपतीत गावकीची बैठक झाली, सभामंडपात, मुंबईकरांसह. विषय निघाला. तिथं मी नव्हते. सचिवच्या दिरानं सांगितलं ते असं: गटातल्या बाकीच्या घरांना पाच-पाच हजार दंड करायचा तर त्यात एक घर पंचांचं, एक मंडळाच्या खजिनदाराच्या भावाचं. थोडा वेळ आवाज चढले. मग कुणीतरी जुनं खोड म्हणालं, बायकांच्या गटाचं काम सरकारी असतं, त्यात गावकी पडत नाही. सगळ्यांनी माना डोलवल्या. चहा झाला.

बहिष्कार त्यानं उठला असं नाही. त्या गणपतीत आरतीला त्यांच्या घरी घरचेच उभे होते. पुढच्या शिमग्याला पालखी अंगणात आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. गावकीची भांडी त्यांना मिळत नाहीत. पण गिरणीवर नंबर लावून उभ्या राहिलेल्या बायका काय गप्प उभ्या राहतात? बोलणं सुरू झालं. गिरणीच्या उंबऱ्याच्या आत बोलायचं आणि बाहेर पडलं की तोंड फिरवायचं, अशी एक पद्धतच पडली. हसायला येतं, पण पोराच्या खोकल्याला जावेनं दिलेला अडुळशाचा काढा गिरणीतूनच गेला. देवळाचा हिशोब अजून आलेला नाही.

कर्जाची मुदत तीन वर्षांची होती. 2024 च्या दिवाळीला शेवटचा हप्ता. त्याआधीच्या बैठकीला मी होते. चांगली गोष्ट, मी कौतुक करायच्या तयारीत. बायका मात्र विचारात पडलेल्या. ठरावात शब्द होते ‘कर्ज फिटेपर्यंत’. कर्ज फिटलं की गिरण पुन्हा तिची, आणि गावकीचा ठराव तर कुणी मागं घेतलेला नाही.

या वेळी बोलल्या त्या कोषाध्यक्ष. गिरणीच्या शेजारी मिरची कांडप बसवावं, त्यासाठी सातव्या क्रमांकाच्या सभासदाला गटानं नवीन कर्ज द्यावं, आणि गिरण व कांडप मिळून कर्ज फिटेपर्यंत गटाच्या ताब्यात समजावं. सूचक म्हणून नाव कुणाचं घालायचं असं सचिवनं विचारलं, तर म्हणाल्या, “घाल की माझं.” सातवीनं कांडपाची किंमत काढून आणली होती. म्हणजे हे त्यांच्यात आधीच ठरलेलं होतं, मला फक्त ऐकवलं जात होतं.

प्रकरण घेऊन मी बँकेत गेले. शाखेत नवीन अधिकारी आलेले. त्यांनी कागद बघितले, परतफेड बघितली, खूश झाले. मग म्हणाले, एवढी चांगली परतफेड आहे, रक्कमही लहान आहे, दोन वर्षांत सहज फिटेल. तुम्ही सगळ्यांत लांब मुदत का मागताय?

“हप्ता हलका बसावा म्हणून का?” त्यांनीच विचारलं.

“हो,” मी म्हटलं.